धान्यबाजारातील गंध व असंपृक्त अल्कोहोल



स्मरणिकेसाठी व्यापारोपयोगी असे काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा भावातील चढउतार, बारदान, मंडीशुल्क यांपैकी एखादा विषय घ्यावा, असे प्रथम मनात आले. परंतु या विषयांवर जाणत्या मंडळींनी वेळोवेळी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून ज्याच्याशी आम्हा धान्यवाल्यांचा रोजचा संबंध येतो आणि तरीही ज्याविषयी आपण कधी चार शब्द बोलत नाही, असा विषय मी निवडला. तो विषय म्हणजे वास. आणि त्यातही रसायनशास्त्रात ज्यांना असंपृक्त अल्कोहोल म्हणतात त्या पदार्थांचा वास. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. घरात रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी. झालेली सून आली, आणि वखारीत माझ्या नाकाला जे चाळीस वर्षे कळत होते त्याचे नाव काय, हे उतारवयात तिच्याकडून समजले. लेखात काही शास्त्रशुद्ध आढळले तर त्याचे श्रेय तिचे. चूक आढळली तर ती माझी.

प्रारंभीच एक खुलासा करावयास हवा. 'अल्कोहोल' हा शब्द आपल्या समाजाच्या स्मरणिकेत पाहून काही वडीलधारी मंडळी दचकतील. मीही दचकलो होतो. परंतु रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका पदार्थाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. दारूत असतो तो एथिल अल्कोहोल, म्हणजे मद्यार्क, हा त्या कुळातील एक इसम. त्याच कुळात गुलाबाचा सुवास आहे, धण्याचा आहे, कापलेल्या गवताचा आहे. एका भावाने दुकान बुडविले म्हणून सगळे कुळ दिवाळखोर ठरत नाही, तसेच हे.

आता या कुळाची ओळख. कार्बनच्या अणूला चार हात असतात असे समजावे. त्या हातांनी तो दुसऱ्या कार्बनला धरतो, हायड्रोजनला धरतो, ऑक्सिजनलाही धरतो. कार्बनांची साखळी तयार झाली आणि तिच्यातील एखाद्या कार्बनच्या एका हातात ऑक्सिजन व त्याला चिकटलेला एक हायड्रोजन अशी जोडी आली, की तो पदार्थ अल्कोहोल झाला. साखळीतील सर्व कार्बनांनी एकमेकांना एकेकाच हाताने धरले असेल आणि उरलेल्या सर्व हातांना काम मिळाले असेल, तर तो संपृक्त, म्हणजे भरलेला. परंतु दोन कार्बनांनी एकमेकांना दोन दोन हातांनी धरले असेल, तर तेथे दुहेरी बंध झाला. अशा रेणूत आणखी हायड्रोजन सामावून घेण्यास जागा राहते, म्हणून तो असंपृक्त. दुहेरी बंध पाहून पकड दुप्पट घट्ट असेल असे वाटते. व्यवहारात उलटे आहे. दुसरा हात सुटावयास तयार असतो; हवेतील ऑक्सिजन, आम्ल, ऊन यांपैकी कोणी आले की तो त्याच्याशी व्यवहार करून मोकळा होतो. धण्याची पूड चार महिन्यांत निर्जीव का होते, याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

या कुळात सर्वांत लहान आहे व्हायनिल अल्कोहोल, दोन कार्बनांचे. परंतु ते बाटलीत भरून ठेवता येत नाही. ऑक्सिजनची जोडी थेट दुहेरी बंधाच्या कार्बनावर बसली की ती तेथे टिकत नाही; आतल्या आत फेरफार होऊन त्याचे ॲसिटाल्डिहाइड बनते. २००१ साली आकाशगंगेच्या मध्याजवळील एका वायुमेघात ते आढळले, एवढीच त्याची ख्याती. त्याच्यापुढचे तीन कार्बनांचे ॲलिल अल्कोहोल मात्र पक्के आहे आणि त्याच्या नावात आपल्या घरांसाठी एक गंमत दडलेली आहे. १८४४ साली थिओडोर वर्थाइम या शास्त्रज्ञाने लसणाचे तेल काढून त्यातील मूळ घटकास लसणाच्या लॅटिन नावावरून 'ॲलिल' असे नाव दिले. पुढे १८५६ मध्ये काउर व हॉफमन यांनी त्या घटकाचे अल्कोहोल तयार केले. म्हणजे जी वस्तू आपल्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही, तिच्या नावावर या शास्त्रातील पहिलाच सरळ नमुना नोंदलेला आहे. हे अल्कोहोल जहरी आहे, डोळ्यांना झोंबते, आणि शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे ॲक्रोलीन बनते. कढईतील तेल जळून जो घसा धरणारा धूर निघतो, त्यातील तिखट घटक हाच. असो.

आपल्या बाजाराचा खरा विषय येतो तो धण्यापासून. गुना जिल्ह्यातील कुंभराजचा धणा आणि राजस्थानातील रामगंज मंडीचा धणा आमच्या सियागंजात नेहमीच येतो. बादामी, ईगल, स्कूटर, हिरवा पॅरट अशी त्याची प्रतवारी. ही प्रतवारी मुख्यतः रंगावर चालते आणि दर त्याप्रमाणे चढतो. माझे वडील रंग पाहत, परंतु सौदा करीत नाकावर. दोन दाणे बोटांत चुरडून ते वास घेत आणि मग बोलत. त्या वासाचा धनी आहे लिनालूल. दहा कार्बन, अठरा हायड्रोजन व एक ऑक्सिजन. दुहेरी बंध दोन. धण्याच्या तेलात साधारण दोन तृतीयांश भाग याचाच असतो.

येथे एक गोष्ट ग्राहकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. धण्याच्या दोन मुख्य जाती. एक मोठ्या दाण्याची, तीन ते पाच मिलिमीटर व्यासाची, जी आपल्याकडे पिकते. दुसरी बारीक दाण्याची, दीड ते तीन मिलिमीटरची, जी रशिया व पूर्व युरोपात पिकते. मोठ्या दाण्यात तेल शेकडा ०.१ ते ०.३५, आणि बारकीत ०.८ ते १.८ पर्यंत. आपल्याकडील गिऱ्हाईक टपोरा दाणा पाहून दोन पैसे जास्त देते आणि नाकाने पाहिले तर कमी घेऊन जाते! हिरव्या रंगाच्या हव्यासाबद्दलही तेच म्हणता येईल. कच्च्या धण्याला व कोथिंबिरीला जो उग्र वास असतो तो लिनालूलचा नव्हे, तो अल्डिहाइड नावाच्या दुसऱ्या वर्गाचा. काहींना तो साबणासारखा वाटतो, ग्रीकांना तर तो ढेकणासारखा वाटला व त्यावरून त्यांनी या वनस्पतीचे नाव ठेवले. दाणा पिकत जातो तसा हा वास कमी होऊन लिनालूल वाढते. तेव्हा पोपटी रंगासाठी घाईने काढलेल्या मालात रंग येतो, गंध मागे राहतो. रंग खुलविण्यासाठी गंधकाची धुरी देणाऱ्यांविषयी मी येथे काही लिहीत नाही. ते आपणांस ठाऊक आहेत.

लिनालूल १९८ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु उडून जाण्यासाठी त्याला उकळीची वाट पाहावी लागत नाही. चक्कीच्या दगडाची ऊब त्यास पुरते. धणे दळताना गल्लीभर सुटतो तो सुवास म्हणजे पुडीतून वजा झालेला माल होय. म्हणूनच अजमेर येथील राष्ट्रीय बीजमसाला संशोधन केंद्राने द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने अतिथंड स्थितीत मसाला दळण्याच्या पद्धतीवर काम केले. घरच्या घरी त्याहून सोपा उपाय आपल्या आयांना ठाऊक होता : धणे अख्खे ठेवावेत, लागतील तेवढेच कुटावेत.

याच दहा-अठरा-एक या हिशेबाची आणखी दोन भावंडे आहेत : जिरॅनिऑल आणि नेरॉल. अणूंची संख्या तीच, मांडणी वेगळी. एकाच खतावणीतील त्याच रकमा वेगळ्या खात्यांवर टाकल्या म्हणजे ताळेबंद निराळा दिसतो, तसे. जिरॅनिऑल व नेरॉल यांत तर फरक एवढाच की दुहेरी बंधाच्या एका टोकाचा भाग एकात या बाजूस व दुसऱ्यात त्या बाजूस वळलेला. साध्या बंधाभोवती साखळी फिरू शकते, दुहेरी बंधाभोवती फिरू शकत नाही. म्हणून हे दोन पदार्थ दोनच राहतात आणि नाकाला निराळे लागतात.

जिरॅनिऑलचा इतिहास आपल्या प्रदेशाचा आहे, हे मला फार उशिरा कळले. निमाड, खानदेश, बैतूल येथील डोंगरउतारांवर पावसाळ्यानंतर रोशा गवत उभे राहते. मराठीत त्यास तिखाडी किंवा रोहिश गवत असेही म्हणतात. फुलोऱ्यावर आलेले गवत कापून, ओढ्याकाठी भट्टी लावून, वाफेने त्याचे तेल काढण्याचा धंदा तेथे फार जुना. १८७१ साली ऑस्कर याकोबसन या जर्मन रसायनज्ञाने भारतातून गेलेल्या याच गवताच्या तेलातून जिरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले. नाव जिरॅनियमचे, शोध जर्मनाचा, आणि माल आपल्या डोंगरातला. गवताच्या दोन जाती शेजारी शेजारी वाढतात व दिसावयास सारख्याच : मोतिया व सोफिया. मोतियाच्या तेलात शेकडा ७५ ते ९० व कधी त्याहूनही अधिक जिरॅनिऑल. सोफियाचे तेल हलके, त्याचा भावही हलका. दोन्ही गवते एकत्र कापून आणली की ठेकेदाराचे तेल बाजारात परत येई.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जात असे, आणि तेथून बल्गेरियातील गुलाबाच्या मळ्यांपर्यंत. कशासाठी? तर गुलाबाच्या अत्तरात मिसळण्यासाठी. एक किलो अत्तरास तीन ते पाच टन फुले लागतात; साहजिकच मोह अनावर होतो. गुलाबाच्या अत्तरात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल व नेरॉल ही असंपृक्त अल्कोहोले मुळातच असतात, त्यामुळे त्यात बाहेरून जिरॅनिऑल घातले तर पकडणे कठीण. ऊर्ध्वपातनाच्या आधी पाकळ्यांवरच रोशाचे तेल शिंपडण्याची युक्ती तेथे प्रचलित होती. शुद्ध अत्तर २० अंशांच्या आसपास गोठू लागते, कारण त्यात नैसर्गिक मेण असते. खरेदीदार ही परीक्षा घेऊ लागले, तेव्हा भेसळ करणाऱ्यांनी अत्तरात स्पर्मासेटी, म्हणजे एका जातीच्या देवमाशाच्या डोक्यातील मेण, मिसळावयास सुरुवात केली. निमाडच्या गवतात काही पाप नव्हते. परंतु आपल्या वाडवडिलांपैकी कोणी या तेलाची अडत केली असेल, तर त्या पिंपांचे पुढे काय होते हे त्यांनी विचारले असेल काय, हा प्रश्न मला ते वाचल्यापासून पडला आहे. आणि तो दुसऱ्यांविषयी पडण्याआधी माझ्याविषयी का पडला नाही, ते पुढे सांगावयाचे आहे.

आता या लेखातील मुख्य पदार्थ. धान्याची वानगी तपासण्याची आपली रीत सर्वांस ठाऊक आहे. परखी पोत्यात खुपसून दाणे तळहातावर घ्यावयाचे, रंग पाहावयाचा, एखादा दाताखाली फोडावयाचा, आणि मूठ मिटून, तीत ऊब येऊ देऊन, नाकाशी न्यावयाची. मूठ उघडताच जर ओलसर, दमट, कोंदट खोलीसारखा वास आला, तर माल कुबट. हा वास प्रामुख्याने ज्याचा असतो त्या पदार्थाचे शास्त्रीय नाव एक-ऑक्टीन-तीन-ऑल. आठ कार्बनांची साखळी. पहिल्या दोहोंमध्ये दुहेरी बंध. तिसऱ्यावर ऑक्सिजनची जोडी. १९३० नंतरच्या दशकात जपानमध्ये मुराहाशी या शास्त्रज्ञाने मात्सुताके नावाच्या अळंबीतून तो काढला, म्हणून त्यास मात्सुताके अल्कोहोल असेही म्हणतात. जपानात या वासासाठी लोक मोठी किंमत मोजतात आणि आम्ही याच वासासाठी माल परत करतो.

तो धान्यात येतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. गव्हात स्निग्धांश शेकडा दीड-दोन, मक्यात चार-पाच. त्या स्निग्धांशाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग लिनोलेइक आम्लाचा, आणि ते आम्लही असंपृक्त. दाण्यात ओल वाढली म्हणजे बुरशी जागी होते. ती आपल्या विकरांच्या योगे त्या आम्लाच्या दुहेरी बंधांजवळ ऑक्सिजन बसविते व मग साखळी तेथून तोडते. तुटलेला आठ कार्बनांचा तुकडा म्हणजे हे ऑक्टीनॉल. पाण्याच्या सुमारे एक अब्ज भागांत याचा एक भाग असला तरी माणसाच्या नाकास तो कळतो. म्हणजे बुरशीची पांढरी जाळी डोळ्यांस दिसण्याच्या पुष्कळ आधी नाकास वर्दी मिळते. गाईबैलांच्या उच्छ्वासातही हे अल्कोहोल असते. आफ्रिकेतील त्सेत्से माशी त्याच्या मागावर गुरांपर्यंत पोहोचते असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे डास पकडण्याच्या सापळ्यांतही ते वापरले जाऊ लागले.

आपल्या बावीस अभक्ष्यांत चलितरस हे एक आहे. ज्या पदार्थाचा वर्ण, गंध, रस वा स्पर्श पालटला तो खाऊ नये. बुरशी आलेल्या वस्तूत अनंत जीव मानून ती वर्ज्य करावी, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. शास्त्रात आधीच सगळे रसायन होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तसे म्हटल्याने शास्त्राचाही मान वाढत नाही आणि रसायनाचाही नाही. परंतु गंध पालटणे ही स्वतःच एक नोंद घेण्याजोगी घटना आहे, एवढे त्या नियमात निश्चित आहे. आमच्या घरी तो नियम ताटापुरता काटेकोर पाळला जात होता. वखारीत मात्र तो लागू आहे असे मला वाटले नव्हते.

२०१९ च्या पावसाळ्यात माळव्यात अतिवृष्टी झाली, हे आपणांस स्मरत असेल. त्या वर्षी मक्याची आवक ओली झाली. आमच्या पेढीवर सुमारे चाळीस क्विंटलचा एक लॉट होता, त्यास मूठ लावताच कुबट वास आला. दलालाने नेहमीचा सल्ला दिला : "शेठजी, तीन दिवस ऊन द्या, वास निघून जाईल." मी तसेच केले. गच्चीवर व आवारात मका पसरला, दिवसातून दोनदा फिरविला. चौथ्या दिवशी मूठ लावली, वास नाही. दाणा खणखणीत. पशुखाद्य तयार करणाऱ्या एका व्यापाऱ्याशी सौदा ठरला. असे मी त्यापूर्वीही केले होते. किती वेळा, हे माझ्या खतावणीत निघणार नाही, कारण खतावणीत वास लिहिलेला नसतो.

त्या संध्याकाळी जेवताना मी सहज ही हकीकत सांगितली. सूनबाई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मामंजी, वास उन्हाने गेला, कारण ते अल्कोहोल उडून जाणारे आहे. पण बुरशीने जर विष केले असेल तर ते उडून जाणारे नाही. ते दाण्यात राहिले असेल."

मला राग आला, हे कबूल करावयास हवे. चाळीस वर्षे धान्य हाताळलेल्या माणसाला घरातील मुलीने ताटावर शिकवावे, हे मनाला रुचले नाही. परंतु रात्रभर तिचे शब्द डोक्यातून गेले नाहीत. सकाळी मी वानगी प्रयोगशाळेकडे पाठविली व माल रोखून धरला.

ज्या विषाविषयी ती बोलत होती त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन. ॲस्परजिलस फ्लेव्हस व तिच्या जातभाई बुरशा ते तयार करतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्याचा शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत माग लागला आणि हे विष जगास कळले. त्याला रंग जाणवत नाही, चव नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या उष्णतेने ते नष्ट होत नाही. उन्हाने वरवरचा काही अंश कमी झाला तरी दाण्यात मुरलेल्या विषास ऊन पोहोचत नाही. ते यकृतावर घाव घालते. शिवाय गाईच्या खाद्यातून गेले तर काही अंशाने रूप बदलून दुधात उतरते. म्हणून आपल्या सरकारने तृणधान्यात एका किलोस १५ मायक्रोग्रॅम व दुधात त्याच्या बदललेल्या रूपास अर्धा मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातलेली आहे. येथे समजून घ्यावयाचे ते हे की, कुबट वास म्हणजेच विष असे नव्हे. वास करणाऱ्या कित्येक बुरशा हे विष करीत नाहीत. वास ही फक्त हाक आहे. आम्ही तीन दिवस ऊन देऊन काय केले? विष काढले नाही, हाक तेवढी बंद केली.

आपल्या शेजारची एक घटना मला त्यानंतर वाचावयास मिळाली आणि ती मी येथे मुद्दाम नोंदवीत आहे. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत, दीडशेहून अधिक खेड्यांतील आदिवासी वस्त्यांमध्ये कावीळ व जलोदर यांची साथ आली. पीक काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला होता व मका बुरशीने ग्रासला होता. ३९७ माणसे आजारी पडली, १०६ दगावली. त्याच गावांतील कुत्र्यांनाही तोच आजार झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी तपास करून मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे कारण दाखविले आणि १९७५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या लोकांना मक्याचा वास आला नसेल असे मला वाटत नाही. नाक त्यांनाही होते. घरात दुसरे धान्य नव्हते. इंदूरहून ही खेडी काही फार लांब नाहीत. तिकडील मका आमच्याही बाजारात येतो. तेव्हा मी शाळेत होतो आणि वडिलांच्या तोंडून या साथीविषयी एक शब्दही ऐकल्याचे मला स्मरत नाही. पंचमहालात माणसे मक्याने मेली हे ज्या बाजाराने सर्वांत आधी ऐकावयास हवे होते, तेथे ते पोहोचले नाही किंवा पोहोचून विरून गेले.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. मर्यादेच्या कित्येक पट. सौदा मोडला, पशुखाद्यवाल्याने आधी आश्चर्य व्यक्त केले आणि मग, खरे सांगावयाचे तर, मला थोडे वेड्यात काढले. त्याच्या मते एवढा माल शंभर पोत्यांत मिसळला असता तर कोणास कळले नसते. दुसऱ्या एका गृहस्थांनी सुचविले की, खराब धान्यापासून इंधनाचे एथेनॉल करणारे कारखाने असा माल घेतात, तेथे द्यावा. लेखाच्या आरंभी ज्या इसमाला आपण बाजूस ठेवला होता तो असा मागील दाराने पुन्हा आला! मद्यासाठी धान्य न विकण्याचा आमच्या पेढीचा जुना नेम आहे. परंतु हे तर मोटारीच्या इंधनासाठी, मग हरकत काय, असा विचार मनात येऊन गेला. सूनबाईने त्यातही एक खोच दाखविली. आंबविताना धान्यातील पिठूळ भाग खर्ची पडतो, विष खर्ची पडत नाही. उरलेला चोथा वाळवून पशुखाद्य म्हणून विकला जातो आणि त्यात विषाचे प्रमाण मूळ धान्याच्या सुमारे तिप्पट होते. म्हणजे फिरून तो गाईच्या गव्हाणीतच जाणार.

जाळून टाकावा तर त्यात हिंसा. ठेवावा तर उंदीर-पाखरे खाणार. या प्रश्नावर घरात दोन दिवस चर्चा झाली, आणि माझे समाधान होईल असे उत्तर कोणाजवळ नव्हते, आजही माझ्याजवळ नाही. अखेर शेतात खोल खड्डा घेऊन, जनावरे उकरणार नाहीत अशा बेताने चुना टाकून तो पुरला. त्या दिवसांच्या भावाने सुमारे ऐंशी हजारांचा माल. रक्कम फार मोठी नव्हे, आणि नुकसान सोसल्याचे मोठेपण मी येथे मिरवीत नाही. कारण त्यापूर्वीचे जे लॉट ऊन देऊन गेले त्यांचा हिशेब यात धरलेला नाही.

तेव्हापासून आमच्या वखारीत काही रीती बदलल्या आहेत. गहू १२ टक्क्यांहून अधिक ओलीचा असला तर थप्पीस लागत नाही. सरकारी खरेदीतही त्यापुढे १४ टक्क्यांपर्यंत किंमत कापून घेतात, हे आपण जाणताच. पोत्यांखाली लाकडी पाट, भिंतीपासून दोन फूट मोकळी जागा. कुबट वासाचा माल आम्ही उन्हात घालीत नाही. आधी वानगी तपासणीस जाते, मग काय ते ठरते. मूठ थेट नाकाशी नेण्याचीही पद्धत सोडली, कारण बुरशीची सूक्ष्म बीजे श्वासाबरोबर छातीत जातात. दाणे झाकणाच्या काचेच्या बरणीत थोडा वेळ ठेवून झाकण किंचित उघडावयाचे, एवढ्यात काम होते. हमालांसाठी तोंडावर बांधावयाची फडकी ठेवली आहेत, पण उन्हाळ्यात ती कोणी बांधीत नाही आणि मी रोज तेवढा आग्रह धरतो असेही नाही.

पेढीवर नवी मुले येतात. त्यांना हा वास ओळखता यावा म्हणून सूनबाईने ऑक्टीनॉलचा एक थेंब पुष्कळशा गंधहीन तेलात विरवून लहान कुपी तयार करून दिली आहे. सोबत लिनालूलची एक व रोशाच्या तेलाची एक. मागील दिवाळीनंतर आलेल्या तिघा मुलांपुढे मी त्या ठेवल्या. धणा तिघांनीही ओळखला. रोशाला दोघांनी गुलाब म्हटले, आणि ते अगदीच चूक नव्हते. तिसरी कुपी हुंगून एकजण म्हणाला, "पहिल्या पावसाच्या मातीचा वास." मी त्यास पुन्हा हुंगावयास लावले. मातीचा वास जिओस्मिनचा. तो जमिनीतील सूक्ष्म जीवांपासून निघतो आणि १९६५ मध्ये शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढला. तोही अल्कोहोलच आहे, परंतु त्यात दुहेरी बंध एकही नाही, तो संपृक्त. दोन्ही कुपींतला फरक सांगता येण्यास त्या मुलास तीन आठवडे लागले. आता मका त्याच्याच नाकाखालून आत येतो.